डोकं रोजच ठणकतंय. अंगावर काढायचं की दाखवायचं? आणि दाखवायचं तर कोणाला?

चोपडेकरीण | ८ जून, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. डोकेदुखी कुठवर घरी सोसायची आणि कधी म्हणायचं की आता पुरे, दवाखान्यात चला?

वय चाळिशीच्या आत, चोपड्याजवळ शाळेत शिकवते. डोकं कॉलेजात असल्यापासून अधूनमधून दुखायचंच, पण आखाजीनंतर जवळजवळ रोजचं झालंय. कधी नुसतं डावं कानशील ठणकतं आणि मळमळतं, फोडणीचा वास आला तरी स्वयंपाकघरातून पळावंसं वाटतं. कधी सगळं डोकं आवळून धरल्यासारखं होतं. मेडिकलवरून गोळी आणते, घेतली की दुपार निभते, संध्याकाळी पुन्हा तेच.

घरात मतं भरपूर आहेत. सासूबाई म्हणतात दृष्ट लागली, मिस्टर म्हणतात चष्म्याचा नंबर वाढला, नणंद म्हणते सायनस. मला रात्री जी भीती वाटते ती मी कोणाला सांगितलेली नाही, तुम्ही ओळखलीच असेल. कान-नाक-घशाचा, डोळ्यांचा, मेंदूचा, की आपला गल्लीतला डॉक्टर? अनुभव असणाऱ्यांनी सांगा.

भुसावळ_जंक्शन | ८ जून, रात्री १०.०५

ताई, मे-जूनमध्ये डोकं न दुखणारा माणूस भुसावळात सापडला तर मी स्टेशनसमोर त्याचा सत्कार ठेवतो. पारा ४५ च्या वर, रात्रीसुद्धा भिंतीला हात लावला तर चटका. आधी पाणी वाढवा, लिंबू-मीठ-साखर घ्या, बाहेर पडताना डोकं बांधा.

एक खरं विचारतो, राग मानू नका. शाळेत पाणी पिता का? माझी बायकोही शिक्षिका आहे. शाळेतलं स्वच्छतागृह बघून तिने दिवसभर पाणी प्यायचंच सोडलं होतं.

यावलची_नानी | ८ जून, रात्री १०.२०

माय व! इतके दिवस कायले सोसलं? सुंठ उगाळून कपाळाले लेप लाव, वरून फडकं आवळून बांध आन् अंधारात पडून ऱ्हाय. अर्धं डोकं दुखत असलं तं ती अर्धशिशी. दिस निघायच्या आंधी दूध-जिलबी खायची, कोनाशी बोलायचं नाही. माह्या सासूची अशीच गेली.

पांझराकाठ | ८ जून, रात्री १०.३१

नानी, आमच्या काकांनीही पहाटे दूध-जिलबी सुरू केली होती. अर्धशिशीचं काय झालं ते माहीत नाही, शुगर मात्र आली आणि मुक्कामाला राहिली. 😀

यावलची_नानी | ८ जून, रात्री १०.३६

तुह्या काकाले जिलबी खायाले निमित्त पाहिजे होतं.

सातपुडा_माजी_वैद्यकीय_अधिकारी | ९ जून, सकाळी ७.१५

मी बरीच वर्षं नंदुरबार जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो, आता निवृत्त आहे. इथून निदान करणार नाही आणि कोणी केलं तर विश्वास ठेवू नका. पण ताईंचा प्रश्न "कधी जायचं" हा आहे, त्यावर थोडं सविस्तर लिहितो.

आपल्याकडे लोक डोकेदुखीचा धोका तिच्या जोरावर मोजतात: फार दुखलं म्हणजे काहीतरी भयंकर, कमी दुखलं म्हणजे काही नाही. हे माप खोटं आहे. अर्धशिशीचा माणूस भिंतीवर डोकं आपटायला निघतो आणि तपासणीत सगळं ठीक निघतं. उलट डोक्यात हळूहळू रक्त साचत असलेला म्हातारा "जरा जड वाटतंय" एवढंच सांगतो. म्हणून मी पेशंटला विचारायचो: हे दुखणं तुमच्या नेहमीच्या दुखण्यासारखंच आहे का? काय बदललं? आणि दुखण्याच्या जोडीला आणखी काय आलं?

मिनिटाच्या आत शिगेला पोहोचलेलं, आयुष्यात असं कधी दुखलंच नव्हतं असं दुखणं असेल, तर बाम शोधू नका, १०८ ला फोन करा. मेंदूत रक्तस्राव झाला की असंच दुखू शकतं, आणि ते नंतर थोडं कमी झालं म्हणून सुटका झाली असं होत नाही. ताप आहे आणि मान पुढे वाकत नाही, तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळतं, माणूस भलतंच बरळतो, फिट आली, एकदम दिसेनासं झालं, हे सगळं त्याच क्षणी निघण्याचं. गरोदर किंवा नुकती बाळंत झालेली बाई असेल आणि डोकं जोरात दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, अंगावर सूज आहे, तर आधी बीपी बघा. ते वाढलेलं असलं तर बाईला झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. "बाळंतिणीचं डोकं दुखतंच" म्हणणाऱ्या आजीबाईंचं तेव्हा ऐकू नका.

त्याच दिवशी नाही तरी लवकर दाखवण्याची दुखणी वेगळी. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली, दिवसागणिक वाढतच जाणारी, खोकलं-शिंकलं-वाकलं की फुटेल असं वाटणारी, झोपेतून उठवणारी आणि पहाटे उलटी आणणारी. कॅन्सरचा किंवा प्रतिकारशक्ती कमी असण्याचा इतिहास असेल तरी थांबू नये.

ताई, तुमच्या वर्णनात यातलं काही मला दिसत नाही. पण नेहमीचं दुखणं रोजचं झालं हा बदल आहे, म्हणून अंगावर काढायचं नाही. पहिल्यांदा साधा एम.बी.बी.एस. किंवा एम.डी. फिजिशियनच गाठा. बीपी बघतील, डोळ्यांचा पडदा बघतील, चालवून-बोलवून तपासतील. पुढे कोणाकडे जायचं ते त्यांना ठरवू द्या. आणि तुम्ही लिहिलेली ती मेडिकलची गोळी महिन्यातून किती वेळा होते, ते खरं सांगा.

भुसावळ_जंक्शन | ९ जून, सकाळी ८.०२

डॉक्टरसाहेब, मी सत्काराचा बेत रद्द करतो. 🙏

कपाशीवाला_अमळनेर | ९ जून, दुपारी १.४०

डॉक्टरसाहेबांनी एक राहू दिलं, ते आमच्या भागात फार होतं. फवारणी करून आलेल्या माणसाचं डोकं. घरचे म्हणतात ऊन लागलं, कांदा फोडून द्या. सोबत घाम, तोंडाला लाळ, मळमळ, पोटात मुरडा, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी बारीक दिसली तर ते ऊन नसतं, औषध भिनलेलं असतं. कपडे काढायचे, साबण-पाण्याने अंग धुवायचं, आणि औषधाची बाटली बरोबर घेऊनच सरकारी दवाखान्यात जायचं. बाटलीवरचं नाव बघून उपचार ठरतो. आमच्या गावात एकाला तासभर ताक पाजत बसले होते.

सातपुडा_माजी_वैद्यकीय_अधिकारी | ९ जून, दुपारी २.१०

अगदी बरोबर. आणि खरोखर ऊन लागलेलं असलं तरी माणूस भ्रमिष्टासारखा बोलायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं की तो उष्माघात. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

अर्धशिशीवाली_जळगाव | ९ जून, रात्री ११.१०

ताई, मी वीस-पंचवीस वर्षं अर्धशिशीबरोबर संसार करतेय, नवऱ्याबरोबरच्या संसारापेक्षा जुना. तुमचं मळमळणं, वास नकोसा होणं वाचून मला माझंच वाटलं.

माझं असं होतं. आधी डोळ्यांपुढे चमचमणारी वाकडीतिकडी रेघ येते, वर्तमानपत्रातली अर्धी ओळ गायब होते. अर्ध्या तासात ती रेघ जाते आणि मग एक बाजू ठोके द्यायला लागते. उजेड नको, आवाज नको, मुलांनी हाक मारली तरी रडू येतं. कधी संध्याकाळी सुटतं, कधी तिसऱ्या दिवशी. सुटल्यावरही दिवसभर पाय ओढत चालते. आणि बाहेरून बघणाऱ्याला काय दिसतं? धडधाकट बाई, ताप नाही, प्लास्टर नाही, भर दुपारी पडदे ओढून झोपली आहे! "आमच्या वेळी नव्हती बाई असली दुखणी" हे मी इतकं ऐकलंय की आता त्या वाक्यानेही ठणका सुरू होतो.

मला चढतं ते उपाशी राहिलं की. श्रावणी सोमवार, नवरात्र, ठरलेलं. कानबाईच्या जागरणानंतर, उन्हातून येऊन एकदम एसीत बसलं की, पाळीच्या आदल्या दिवशी. सायनस म्हणून माझ्यावरही खूप औषधोपचार झाले. नाक चोंदणं, डोळ्यात पाणी येणं हे अर्धशिशीतही होतं, हे मला फार उशिरा एका डॉक्टरीणबाईंनी समजावलं.

त्या रेघा येणाऱ्या बायकांना एक सांगते. गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना रेघांबद्दल आवर्जून सांगा. काही गोळ्यांनी अशा बायकांना पक्षाघाताचा धोका वाढतो, त्या बदलून मिळतात.

शेवभाजी_प्रेमी | ९ जून, रात्री ११.३०

म्हणजे काळ्या मसाल्याची शेवभाजी बंद का? एवढंच सांगा, बाकी सगळं सहन करू.

अर्धशिशीवाली_जळगाव | ९ जून, रात्री ११.३४

शेवभाजीने मला काही होत नाही. ती दुपारी चारपर्यंत मिळाली नाही तर होतं.

पांझराकाठ | १० जून, सकाळी ९.००

भरिताच्या पार्टीनंतर माझं डोकं दुखतं. मिरचीमुळे की रात्री दोनपर्यंत शेतात बसल्यामुळे, यावर घरात मतभेद आहेत.

शेवभाजी_प्रेमी | १० जून, सकाळी ९.१२

भरिताला दोष देणाऱ्याचं खातं बंद करावं ही संपादकांना विनंती. त्या पार्टीत भरिताबरोबर आणखी काय होतं ते आधी सांगा, भो.

सगळं_मनाचं | १० जून, सकाळी १०.२५

पटत नसेल तर सोडून द्या, पण बोलतो. आमच्या आज्या-पणज्या उन्हात राबल्या, त्यांना कोणी मायग्रेन म्हटलं नाही. हल्ली डोकं दुखलं की एमआरआय. हे सगळं टेन्शन आणि मोबाईल आहे. प्राणायाम करा, फोन दूर ठेवा, झोपा.

अर्धशिशीवाली_जळगाव | १० जून, सकाळी १०.५०

आज्यांच्या कपाळावर आवळलेलं फडकं तुम्ही पाहिलं नाहीत वाटतं. ते काय फॅशन म्हणून बांधायच्या?

सातपुडा_माजी_वैद्यकीय_अधिकारी | १० जून, दुपारी १२.३०

अर्धी गोष्ट त्यांची खरी आहे, म्हणून भांडू नका. झोप, जेवणाच्या वेळा, ताण यांचा संबंध आहेच. आणि धोक्याची लक्षणं नसतील, तपासणी नीट असेल, तर बहुतेकांना एमआरआय लागतही नाही. नुसतं डोकं दुखतंय, दुसरं काही नाही, अशा माणसाच्या डोक्यात गाठ निघणं फार क्वचित होतं. चोपड्याच्या ताईंनी हे वाक्य रात्रीसाठी लिहून ठेवावं.

पण "मनाचं" म्हणून हिणवणं चूक. अर्धशिशी मेंदूचा आजार आहे, घराण्यात चालतो, बायकांना पुरुषांच्या सुमारे तिप्पट होतो.

औषधवाला_शिरपूर | १० जून, रात्री ९.२०

दुकान बंद करून लिहितोय. धंद्याच्या विरोधात बोलतोय तरी बोलतो.

रोज डोकेदुखीची गोळी नेणारी गिऱ्हाईकं माझ्याकडे ठरलेली आहेत. बायका जास्त. पदराच्या गाठीत सुटे पैसे, "दादा, ती नेहमीची द्या". त्या गोळ्यांत पुष्कळदा दोन-तीन औषधं एकत्र असतात, काहींत कॅफिनही. महिन्यातले पंधरा दिवस किंवा जास्त साधी वेदनाशामक गोळी, एकत्र औषधांची असेल तर दहाच दिवस, असं तीन महिने चाललं की गोळीच डोकं दुखवायला लागते. उतरली की दुखतं, म्हणून परत घेता, परत उतरते. मी "डॉक्टरला दाखवा" म्हटलं की समोरच्या दुकानात जातात. काय करणार?

आणि पावसाळा तोंडावर आहे. तापाबरोबर डोकं, डोळ्यांच्या मागे दुखत असेल तर डेंग्यूची तपासणी होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल, तेही सांगितलेल्या प्रमाणात. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन मनाने मागू नका, रक्तस्रावाचा धोका असतो.

चोपडेकरीण | १० जून, रात्री १०.१५

औषधवाले दादा, तुमची पोस्ट वाचून पर्समधल्या रिकाम्या पट्ट्या बाहेर काढल्या. आकडा इथे लिहीत नाही. मिस्टरांनी पाहिला, तेही गप्प बसले.

आता कॅलेंडरवर लिहायला लागले आहे: कधी सुरू झालं, कुठे, काय खाल्लं, झोप किती, गोळी कधी. नानी, सुंठेचा लेप लावला, खरं सांगते, थंड वाटलं. जिलबी मात्र पोरांनी संपवली.

यावलची_नानी | १० जून, रात्री १०.२२

पोरांची अर्धशिशी गेली म्हन आता.

रेल्वेकॉलनी_दादा | ११ जून, सकाळी ६.५०

पडल्याचा विषय कोणी काढला नाही म्हणून लिहितो. आमचे मोठे काका, सत्तरीचे, हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू. ओट्यावरून घसरले, डोक्याला साधं टेंगूळ. विसरूनही गेले. तीन-एक आठवड्यांनी म्हणायला लागले, डोकं जड आहे. मग दिवसा झोपायला लागले, चहाचा कप हातातून निसटायला लागला. सगळे म्हणाले वय झालं. एका डॉक्टरने झोपेच्या गोळ्या बंद करून पाहू म्हटलं. शेवटी भाच्याने हट्टाने सीटी स्कॅन करवला, कवटीच्या आत रक्त साचलेलं. ऑपरेशन झालं, आज पत्ते खेळतात, आणि हरले की त्याच ऑपरेशनचं कारण सांगतात.

म्हातारं माणूस पडलं की तारीख लिहून ठेवा.

काळजीत_लेक | ११ जून, सकाळी ७.३०

डोळ्याचंही. आईचं डोकं आणि एकच डोळा दुखत होता, उलट्या, दिव्याभोवती रंगीत कडी दिसायची. पित्त म्हणून दोन दिवस कोकम सरबत. डोळा लाल झाल्यावर नेत्रतज्ज्ञाकडे नेलं, काचबिंदूचा झटका होता. नजर थोडी गेलीच.

दृष्टीवर_विश्वास | ११ जून, दुपारी ३.००

सगळे डॉक्टरकीच सांगत आहेत. आमच्याकडे मीठ-मिरची ओवाळून चुलीत टाकतात, ठसका आला नाही तर दृष्ट होती असं समजतात. आईला त्याने बरं वाटतं. ते का सोडायचं?

सातपुडा_माजी_वैद्यकीय_अधिकारी | ११ जून, दुपारी ४.२०

सोडू नका. आई जवळ बसून ओवाळते, त्यात दिलासा असतो. पाड्यांवर मी लोकांना हेच सांगायचो, भगताकडे जायचं तर जा, पण दवाखाना आधी. ओवाळण्यात रात्र गेली आणि पोराची मान ताठ झाली, असं व्हायला नको.

चोपडेकरीण | १९ जुलै, रात्री ९.००

धागा वर आणतेय, काय झालं ते सांगायला हवं.

इथल्याच फिजिशियनकडे गेले. बीपी ठीक, डोळ्याचा पडदा ठीक. कॅलेंडर पुढे ठेवलं, ते त्यांनी माझ्या बोलण्यापेक्षा जास्त वेळ पाहिलं. अर्धशिशी, आणि वर रोजच्या गोळ्यांनी तिला रोजची केली, असं निदान. स्कॅन नको म्हणाले. मिस्टरांनी दोनदा विचारलं, दोनदा नको म्हणाले.

गोळी बंद केल्यावर पहिला आठवडा वाईट गेला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की वाढेल, म्हणून तग धरला. उन्हाळी सुट्टी संपून शाळा सुरू झालेली, वर्गात पोरं "बाई, लाइट बंद करू का" विचारायची. झटका येऊ नये म्हणून रोज घ्यायची एक गोळी दिली आहे, दमा आहे का हे विचारून मगच. तिचा गुण यायला दीड-दोन महिने लागतात म्हणे. खरा झटका आला तर वेगळी गोळी, लगेच घ्यायची, आठवड्यातून ठरलेल्या मर्यादेत.

गेलं नाहीये. पण आता सलग कोरे चौकोन दिसतात कॅलेंडरवर. शाळेत पाणी पिते, मुख्याध्यापकांकडे स्वच्छतागृहाचा अर्जही दिला, सगळ्या बाईंच्या सह्यांचा. उपवास सोडले, त्यावर घरात जे झालं ते दुसऱ्या धाग्यात लिहीन.

भुसावळ_जंक्शन | १९ जुलै, रात्री ९.१०

अर्जाचं काय झालं ते नक्की सांगा. बायको विचारतेय.

तरसोद_फाटा | २० जुलै, सकाळी ८.१०

जुनाच धागा सापडला म्हणून इथे विचारतो. वडील ६८. कधी डोकं दुखलं नाही, आता पंधरवड्यापासून उजवं कानशील दुखतंय. कंगवा लागला तरी हात झटकतात. भाकरी चावताना जबडा दुखतो म्हणून दूध-भात खातात. काल एकदा क्षणभर उजव्या डोळ्याने अंधुक दिसलं म्हणाले. दातांच्या डॉक्टरची सोमवारची वेळ घेतली आहे. चालेल ना?

सातपुडा_माजी_वैद्यकीय_अधिकारी | २० जुलै, सकाळी ८.१८

सोमवार नाही, आज. दाताचं नाही. पन्नाशीपुढे नवीन दुखणं, कानशील हुळहुळं, चावताना जबडा दुखणं आणि नजर अंधुक, हे सगळं एकत्र आलं की कानशिलाच्या रक्तवाहिनीच्या सुजेची शंका घ्यावी लागते. आपल्याकडे कमी दिसतं, पण उशीर झाला तर डोळा कायमचा जातो. जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात थेट अपघात विभागात जा आणि जे इथे लिहिलंत तेच शब्दशः सांगा, विशेषतः डोळ्याचं. रक्ताची ईएसआर, सीआरपी तपासणी करतील. शंका पक्की वाटली तर तुकडा-तपासणीच्या रिपोर्टची वाट न बघता स्टेरॉइड सुरू करतात. शुगर असेल तर तेही सांगा.

तरसोद_फाटा | २० जुलै, सकाळी ८.२४

शुगर आहे. गाडी काढतो.

औषधवाला_शिरपूर | २० जुलै, सकाळी ८.३०

चालू गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या पिशवीत टाकून न्या, नावं आठवत बसू नका.